तळ्याची रस्त्याकडची बाजू

मंजुळाबाईचा हात साफ, हे सेलवासकडं खडोलीपासून गलोंड्यापर्यंत सगळ्या ठेकेदारांना ठाऊक होतं. ठाऊक नसेल त्याला ती स्वतः सांगायची. आपलं काम आपणच सांगावं. लोकांवर सोडलं तर लोक अर्धंच सांगतात, असं तिचं मत. गटार असो, नाला असो की तळं असो, तिची बायकांची टोळी एकदा पाण्यात उतरली की मागं काडी राहत नसे.

गेल्या फाल्गुनात टोळीनं रस्त्यालगतचं तळं साफ केलं होतं. जलपर्णी, लव्हाळा, पाणकणीस, सगळं मुळासकट उपटून काठ असा काढला, की येणारे-जाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे. कारखान्यांच्या मोऱ्या उपसून रंगाच्या पाण्यानं पायांची सालं निघायची, तिथं हे तळ्याचं काम म्हणजे टोळीला वर्षाचा सण. पाणी थंड, वारा मोकळा, आणि केलेलं काम दिसतं. मोरी कितीही घासली तरी तिच्याकडं कोण बघतो?

यंदाही काम तिलाच मिळालं. टोळी देवळाच्या बाजूनं उतरली. साड्यांचे काष्टे, वर नवऱ्यांचे जुने फुलबाह्यांचे शर्ट, पायांना जळवा लागू नयेत म्हणून करंजाचं तेल. मंजुळाबाई सगळ्यात पुढं, कमरेइतक्या पाण्यात, विळा पाण्याखाली फिरवत. तिच्यामागं तिची सून चंदा दाताळ्यानं कापलेलं ओढून काठावर फेकायची. लखन, म्हणजे मंजुळाबाईचा मुलगा, राखोलीला प्लॅस्टिकच्या कारखान्यात पाळीवर होता. चंदा लग्न होऊन आली ती सासूच्या टोळीतच भरती झाली.

देवळाची बाजू झाली आणि धनश्रीबाई आल्या. सेलवासच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, मूळच्या चिपळूणच्या. तळ्यांची देखरेख करणाऱ्या समितीवर त्यांचं नाव होतं. त्यांनी बाभळीच्या बाजूला बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि त्यांना लाल फीत बांधली.

"मंजुळाबाई, ही बाजू यंदा कापायची नाही. ठेक्यातच तसं लिहिलंय. दरवर्षी तिसरा हिस्सा काठ राखायचा."

"कशाले?"

"टाचण्यांसाठी."

मंजुळाबाईनं चंदाकडं पाहिलं. चंदानं पाण्याकडं पाहिलं.

"चतुर माहीत आहे ना? त्याची ही बारीक बहीण," धनश्रीबाई म्हणाल्या. "दाभणाएवढी. निळी असते, लाल असते. बसली की पंख मिटून बसते. ती या दांड्यांच्या आत अंडी घालते. पिल्लं पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की याच दांड्यांवर चढून बाहेर येतात. गेल्या वर्षी सगळा काठ मोकळा झाला. पावसाळ्यात मी मुलांना घेऊन आले, तर दाखवायला एक टाचणी नव्हती."

बाई चांगल्या शब्दांत सांगत होत्या, पण मंजुळाबाईला त्यातलं एकच ऐकू आलं. गेल्या वर्षीच्या कामाला कुणीतरी नाव ठेवत होतं.

"आनि कापेल गवत लगेच भरू नका," बाईंनी तिच्यासारखं अहिराणीत बोलायचा प्रयत्न केला आणि तो फसला. "एक रात्र पाण्याच्या कडेला राहू द्या. त्यात अडकलेले जीव परत पाण्यात जातात."

"बरं," मंजुळाबाई म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे काय, ते चंदाला चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी मंजुळाबाई दळण घेऊन चक्कीवर गेली. चक्कीवाला रमाकांत जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय मुकादमीन," तो पट्टा चढवत म्हणाला, "औंदा अर्धी हजामत करून न्हावी उठला म्हणे. गिऱ्हाईक काय करणार, टोपी घालून हिंडणार?"

चक्कीवरच्या बाया हसल्या. रमाकांतची बायको प्रमिला तेवढी हसली नाही, पण तिनंही विचारलंच, "खरंच का गं, सोडलं तुम्ही काम?" मंजुळाबाईनं गरम पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि तडक घर गाठलं.

घरी तिचा नवरा सुकदेव जेवायला बसला होता. सूतगिरणीच्या मशिनींपाशी उभं राहून राहून त्याचे कान गेले होते, त्यामुळं त्याच्या बायकोला मनातलं दुःखसुद्धा ओरडून सांगावं लागे. चाळीला ते फुकट ऐकायला मिळे.

"लोके हसतस माले," ती ओरडली.

"कोन बसतस?"

"हसतस, हसतस! म्हने मंजुळानी काम अर्धं टाकी दिधं."

"मंग टाक ना. पगार अर्धा थोडाच शे?"

या माणसाला कामाची इज्जत कधी कळलीच नाही, असं म्हणून तिनं त्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली. सुकदेव हसून म्हणाला, "गुड्डीनी माय, तुन्हा हातले खाज शे. काम दिसनं का तुले ऱ्हावत नही." धुळ्याला दिलेल्या लेकीच्या नावानं तो तिला हाक मारी. पण तो म्हणाला ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं चंदाला उठवलं. टोळीच्या बाया यायला अवकाश होता. तळ्यावर धुकं होतं आणि पाणी हाडात शिरत होतं. मंजुळाबाई सरळ बाभळीच्या बाजूला गेली. तिनं लाल फीत सोडली, नीट गुंडाळून कनवटीला लावली आणि पाण्यात उतरली.

"आत्याबाई," चंदा काठावरूनच म्हणाली, "मॅडमनी सांगेल शे ना."

"मॅडमले काय, ती शाळामा जाई. नाव मन्हं निंघस."

"पन त्या पिल्लं..."

"दाताळं आन."

आणि मग ती कापत सुटली. या कामाची मजुरी कुणी देणार नव्हतं. फक्त आपल्या नावावरचा डाग धुवायचा होता. पाणकणसाचे जाड बुंधे डाव्या हातानं कवळ्यात घ्यायचे, उजव्या हातानं खाली बुडाशी विळा घालायचा, एक हिसका, की सगळी मोळी हातात. पन्नाशी उलटलेली बाई, पण दंड अजून तरण्या पोरीसारखे चालत होते. अंगाला घाम फुटला तेव्हा तिला बरं वाटलं. सूर्य कारखान्यांच्या पत्र्यांवर आला तोवर बाभळीची बाजू मोकळी झाली होती आणि काठावर ओला ढीग पुरुषभर उंच उभा होता. टोळीच्या बाया आल्या, त्यांनी बघितलं, आणि त्यातली चिमाबाई म्हणाली, "जिजी, हाई बेस कयं. आते कोनी बोलाव नही." मंजुळाबाईनं विळा काठाच्या चिखलात रोवला आणि तंबाखू मळायला घेतली.

शाळेच्या आधी धनश्रीबाई स्कूटीवरून आल्या. काठाशी उभ्या राहिल्या. मंजुळाबाईची अपेक्षा होती की बाई भांडतील, आणि भांडण आलं असतं तर ते तिला झेपलं असतं. पण बाई ढिगापाशी उकिडव्या बसल्या आणि हातानं गवत उलथू लागल्या. त्यांच्या साडीच्या निऱ्या चिखलात गेल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आत्याबाई, हाई काय शे?" चंदानं बाही पुढं केली. शर्टाच्या बाहीवर एक मातकट काडी चालत होती. बारीक सहा पाय, मागं पिसांसारखी तीन पानं.

"हीच ती," धनश्रीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "टाचणीचं पिल्लू. या ढिगात किती असतील कुणास ठाऊक. तळ्यात जी काही उरली होती, ती या बाजूलाच होती, मंजुळाबाई. म्हणून मी इथं खुंट्या ठोकल्या."

मुकादमिणीला टोळीदेखत इतक्या हळू आवाजात कुणी कधी बोललं नव्हतं.

तेवढ्यात चिमाबाईनं तिच्या कोपराला हात लावला. चिखलात रोवलेल्या विळ्याच्या मुठीवर तसलीच एक मातकट काडी चढली होती. चढून ती थांबली. मग तिच्या पाठीवरची कातडी उकलली. बाया जवळ आल्या. आतून एक मऊ, पांढरट जीव डोकं काढून बाहेर आला आणि मागं कलून लटकला. पडतोय की काय असं वाटलं, पण तो पडला नाही. दम खाऊन त्यानं पायांनी आपलीच जुनी कातडी धरली आणि शेपूट ओढून घेतलं. पाठीवर पंखांच्या दोन ओल्या घड्या होत्या, त्या हळूहळू उलगडत गेल्या.

मंजुळाबाईनं गावाकडं रात्ररात्र जागून म्हशींची बाळंतपणं काढली होती. आत अडकलेलं रेडकू कोपरापर्यंत हात घालून ओढलेली बाई ती. इथं तिचा हात पुढं जायला लागला आणि तिनंच तो मागं घेतला. तिची तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

"कोनी हात लावज्यात नका," ती म्हणाली.

ऊन वर आलं तसा तो जीव लांब झाला, काचेसारखा झाला, आणि शेपटाच्या टोकाला निळी छटा दिसू लागली. मग तो उडाला, काही फार नाही, बाभळीपर्यंत. बाभळीखाली काल लव्हाळा होता. आज तिथं नुसता चिखल होता. टाचणी त्या चिखलावर दोन गिरक्या मारून बसायला जागा शोधत राहिली, आणि ते मंजुळाबाईला बघवेना.

माफी मागणं तिच्या अंगात नव्हतं. तिनं विचारलं, "आते काय करानं?"

"ढीग पाण्याच्या कडेला ओढा. पातळ पसरा, ओला ठेवा. उद्यापर्यंत निम्मे तरी जीव आपले आपण पाण्यात जातील."

"आनि त्यासले चढाले काडी?"

बाईंनी मान हलवली. देवळाची बाजू कापलेली, बाभळीची कापलेली. राहिली होती फक्त रस्त्याकडची. तीच खरी दर्शनी बाजू. प्रशासनाचे साहेब तळं बघायला येणार ते त्याच बाजूनं, आणि ठेकेदाराचा सगळा जीव त्याच बाजूत.

मंजुळाबाईनं कनवटीची लाल फीत काढली. "उठा वं," ती टोळीला म्हणाली. "निम्म्या बाया ढिगले लागा. बाकीन्या खुंट्या उपटा आनि मन्हा मांगे या."

दुपारी कल्पेश ट्रॅक्टर घेऊन आला. कल्पेश म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर, इथलाच पोरगा, तीन भाषा एका वाक्यात बोलणारा. बाभळीच्या बाजूला गवत कडेला पसरलेलं, त्यावर बाया घमेल्यानं पाणी शिंपतायत, आणि रस्त्याच्या बाजूला फिती.

"मौसी, आ शुं छे? कचरे को पाणी पिला रही हो?"

"उद्या उचलसूत. ट्रॅक्टर उद्या आन."

"और ये रोड साइड? परसों साहेब आयेंगे, उनको जंगल दिखायेगी? आज के आज काटो."

"ठेका में लिखेला है, एक बाजू रखने का."

"वो बावळ की बाजू थी."

"वो मैंने काट डाली," मंजुळाबाई म्हणाली. "मेरी गलती. अब ये रखेगी."

कल्पेशनं बाजूला जाऊन फोन लावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मऊ झाला होता, आणि ते अधिक वाईट. "मौसी, शेठ बोलते हैं, रोड साइड नहीं कटी तो अगले साल तलाव दूसरी टोळी को. तुमको नाली."

बाया शिंपायच्या थांबल्या. वर्षाचा सण हातातून जात होता. चिमाबाईचे पाय अजून गेल्या मोरीतून बरे झाले नव्हते. मंजुळाबाईनं एकेकीकडं पाहिलं. मग चिमाबाईनंच वाकून घमेलं भरलं आणि गवतावर पाणी ओतलं.

"सांग शेठले," मंजुळाबाई म्हणाली, "दख म्हना, कोनती टोळी कापस ते."

साहेबांचं येणं साहेबांच्या येण्यासारखंच होतं. परवा म्हणता म्हणता होळीनंतर गेलं. ठेकेदारानं टोळीला तोवर मोऱ्यांवर धाडलं. पुन्हा तेच निळं-जांभळं पाणी, तोच वास, संध्याकाळी भाकरीलासुद्धा येणारा. मंजुळाबाई रोज सकाळी तळ्यावरून वळसा घालून कामाला जाऊ लागली. सुकदेव म्हणाला, "नवं सोयरं करं का तठे?" ती म्हणाली, "हो, करं." त्याला ते नीट ऐकू गेलं आणि तो हसला.

एके दिवशी सकाळी सगळी टोळी तिच्याबरोबर असताना तळ्याच्या रस्त्याला जेसीबी उभा दिसला. ड्रायव्हर पोरगा बिहारचा, कल्पेशची वाट बघत बसलेला. मंजुळाबाईनं काही भांडण केलं नाही. ती फितीपाशी काठावर मांडी घालून बसली आणि भाकरीचं फडकं सोडलं. शेजारी चंदा बसली, मग चिमाबाई, मग ओळीनं सगळ्या. जेसीबीच्या तोंडासमोर टोळीची न्याहारी सुरू झाली.

"अम्मा, हटिये, काम है," ड्रायव्हर म्हणाला.

"जेवता माणूस को नहीं उठाते बेटा. तू भी खा."

कळण्याची भाकरी आणि ठेचा. पोरानं एक घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, दुसरा घेतला. कल्पेश आला तेव्हा पोरगा तिसरी भाकरी खात होता आणि म्हणाला की बायका उठल्याशिवाय आपण मशीन चालवणार नाही, हात-पाय कुणाचा गेला तर जेलमध्ये कोण जाणार. बायका जेवत राहिल्या. इतकं सावकाश त्या लग्नातही जेवल्या नव्हत्या. शेवटी जेसीबीला दुसऱ्या कामाचा फोन आला. त्या दिवशी मोरीवर सगळ्यांची हजेरी अर्धी लागली, आणि संध्याकाळी पाय धुताना चिमाबाई म्हणाली की अशी अर्धी हजेरी रोज लागली तरी चालेल.

होळी झाली. ऊन तापलं. आणि रस्त्याकडच्या लव्हाळ्यात टाचण्या दिसू लागल्या. आधी एखादी, मग इथं एक तिथं एक, मग बघशील त्या काडीवर. काही जोड्या एकमेकींना धरून पाण्याला टेकायच्या आणि मादी शेपूट वाकवून दांड्यात खुपसायची. मंजुळाबाई देवळाच्या बाजूला जाऊन बघून आली, बाभळीच्या बाजूला जाऊन बघून आली. तिथं पाणी लख्ख होतं, काठ लख्ख होता, आणि टाचणी एकही नव्हती. आपण एवढं झकास साफ केलेलं काम तिनं जन्मात पहिल्यांदा वाईट नजरेनं बघितलं.

साहेब आले. पांढरी गाडी, मागं दोन गाड्या, ठेकेदार स्वतः. धनश्रीबाई शाळेतून रजा काढून आल्या होत्या. टोळीला झाडू देऊन रस्ता झाडायला लावलं होतं, म्हणजे उभी राहायला निमित्त. साहेब तळ्याकडं बघून खूश झाले आणि मग पायाशी बघून थांबले.

"ये आधा क्यों छोड दिया?"

ठेकेदारानं कल्पेशकडं पाहिलं. कल्पेशनं झाडूवाल्या बायांकडं बोट केलं. धनश्रीबाई पुढं झाल्या, "सर, हा माझा..." पण त्यांच्या आधी मंजुळाबाई पुढं झाली. झाडू हातात तसाच.

"छोडा नहीं साहेब. मैंने रखा है."

"क्यों?"

"नीचे बैठके देखो."

साहेबांनी आधी तिच्या हातातल्या झाडूकडं पाहिलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, पँट वर ओढून खरंच काठाशी उकिडवे बसले. मंजुळाबाई शेजारी बसली आणि बोटानं एकेक दाखवू लागली. ही निळी. ही लाल. ही अंडं घालते आहे, दांड्याच्या आत, दिसणार नाही. ही आजच निघाली, अजून रंग आला नाही, हिच्यावर सावली पाडू नका. मग तिनं पलीकडं हात केला.

"वो सामने की बाजू भी मेरा काम है. एकदम साफ. उधर एक भी नहीं मिलेगी. उधर मैं चुकी. इधर नहीं."

साहेबांच्या बुटावर एक टाचणी बसली. ते हलले नाहीत.

"तो फिर ये बाजू कब कटेगी?" त्यांनी हळूच विचारलं.

ठेकेदार तोंड उघडणार होता. मंजुळाबाईनं त्याला संधी दिली नाही.

"अगले साल. तब तक देवळवाली बाजू भर जायेगी, वो रखेंगे. उसके बाद बावळवाली. हर साल एक. मेरी टोळी काटेगी."

साहेब उठले. गुडघे झटकले. ठेकेदाराकडं वळून म्हणाले, "सुन लिया न? इसी टोळी से करवाइये." आणि गाडीकडं चालू लागले. ठेकेदार "जी सर, जी सर" करत मागं गेला. कल्पेश तेवढा उभा राहिला, मंजुळाबाईकडं बघत. धनश्रीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो फारच वेळ पुसला.

परतताना चंदा सासूच्या बरोबरीनं चालत होती. एरवी ती दोन पावलं मागं असायची.

"आत्याबाई, पुढला सालनं काम आपलंच शे, हाई तुम्हले कोनी सांगं व्हतं?"

"कोनी नही सांगं," मंजुळाबाई म्हणाली. तिनं झाडू खांद्यावर घेतला आणि पदर खोचला. "पन आते नही कोन म्हनी?"